कल्पक आणि वेगळी फोटोग्राफी कशी शोधायची? विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही वाचनालयात फोटो पाहायला बसतो. हे फोटो लग्नाचे-बारशाचे नसतात. फोटोतून काहीतरी नवीन, आधी कोणी न केलेलं करून पाहणाऱ्या आजच्या लोकांचं काम आम्ही पाहतो. शाळेतले सर येतात, कॉलेजची पोरं येतात, वावरातून परस्पर आलेले दोघे-तिघे मागच्या बाकावर बसतात. तिथे, चहाच्या टपरीवर आणि फोनवर जे प्रश्न परत परत येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

कल्पक फोटोग्राफी म्हणजे नेमकं काय? फोटो तर फोटोच असतो ना?

लहानपणी आमचं घर कवेलूचं होतं. मे महिन्यात जेवणं आटोपली की आजी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि आम्हा पोरांना सारवलेल्या जमिनीवर सक्तीने निजवायची. अशाच एका दुपारी मला समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रस्ता दिसला. दाराच्या फळीतली गाठ निखळून तुरीच्या दाण्याएवढं छिद्र पडलं होतं. त्यातून येणाऱ्या उजेडात बाहेरचं सगळं उलटं उमटलं होतं. आभाळ खाली, निंबाचं झाड वरून लोंबलेलं. तेवढ्यात एक बंडी गेली, चाकं वर आणि बैलांचे पायही वर. खरी बंडी नदीकडे चालल्याचं घुंगरांवरून कळत होतं, भिंतीवरची मात्र गावाकडे निघाली होती. मी आजीला उठवलं. ती म्हणाली, "उन्हाचं असते तसं, निज."

पुढे कितीतरी वर्षांनी अबेलार्दो मोरेल यांचे फोटो पाहिले. क्यूबात जन्मलेले हे अमेरिकन फोटोग्राफर. १९९१ पासून ते खोली पूर्ण अंधारी करतात, खिडकीवरच्या झाकणाला छोटं छिद्र ठेवतात आणि बाहेरचं शहर आतल्या पलंगावर, भिंतीवर उलटं पडलं की त्या खोलीचा फोटो घेतात. सुरुवातीला एकेका फोटोला आठ-आठ तास लागायचे. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या भिंतीवरची बंडी कोणीतरी जपून ठेवल्यासारखं वाटलं.

कल्पक फोटो मी त्याला म्हणतो, ज्यात समोरचं टिपण्याआधी फोटोग्राफरने मनाशी काही ठरवलेलं असतं. कधी तो दृश्य स्वतः रचतो, कधी सोंग घेतो, कधी कॅमेराच वापरत नाही, कधी एका फोटोत तास-दोन तासांचा वेळ भरतो. जपानचे हिरोशी सुगिमोतो यांनी जुन्या सिनेमागृहांत सिनेमा सुरू होताना शटर उघडलं आणि सिनेमा संपल्यावर बंद केलं. अख्खा सिनेमा एका फोटोत आला, आणि पडद्यावर उरला फक्त लख्ख पांढरा चौकोन. त्याच उजेडात थिएटरच्या खुर्च्या आणि नक्षी उजळून निघालेली दिसते. आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, तिथे असं केलं तर काय उमटेल? करून पाहायला हवं. एवढ्या मोठ्या वेळात माणसं हलून हलून पुसली जातील, मंडपाचे खांब तेवढे राहतील, असा माझा अंदाज आहे.

मोबाईलवर रोज शेकडो फोटो दिसतात. मग वेगळं काय शोधायचं?

मोबाईल तुम्हाला काल आवडलं तेच आज दाखवतो. एकदा ताडोब्याच्या वाघावर बोट ठेवलं की आठवडाभर वाघच वाघ. त्यातून नवीन काही हाती लागत नाही.

माझी पद्धत सांगतो. एक नाव धरा. एखादा फोटो पाहून हात थांबला तर तो कोणाचा आहे ते आधी शोधा, आणि त्या माणसाची पूर्ण मालिका क्रमाने पाहा. आजचे बरेच फोटोग्राफर एकेका फोटोचा विचारच करत नाहीत, वीस-तीस फोटो मिळून त्यांचं एक काम होतं. एकच फोटो पाहणं म्हणजे भजनातली एकच ओळ ऐकून उठून जाणं. मालिका झाली की त्यांची एखादी मुलाखत वाचा. त्यात ते स्वतः कोणाचं काम पाहतात हे हमखास येतं, आणि पुढचं नाव मिळतं. असं करत मी आफ्रिकेतल्या बामाकोपासून बंगळूरपर्यंत पोहोचलो, तेही स्टुडिओच्या काउंटरवर बसून.

दोन गोष्टी पाळा. नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधा, मराठीत फार कमी सापडतं. आणि एका बैठकीत दहापेक्षा जास्त फोटो पाहू नका.

भारतातल्या कोणापासून सुरुवात करू?

गौरी गिल यांच्यापासून. कारण त्यांचं एक काम आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. पालघर जिल्ह्यात जव्हारच्या भागात बोहाड्याचे, म्हणजे तिकडच्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे करणारे आदिवासी कलावंत आहेत. हे मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात आणि सोंगं देवादिकांची असतात. २०१५ पासून गिल यांनी या कलावंतांना आजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले. माणसांचे चेहरे, प्राणी, घरातल्या वस्तू. मग गावातल्याच लोकांनी ते घालून घरात, दुकानात, दवाखान्यात नेहमीची कामं करत फोटो काढून घेतले.

वाचनालयात हे फोटो लावले तेव्हा शेजारच्या एक आजी नातवाला शोधत आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, "काहून बा, सोंग घेतलं अन् काम तर घरचंच करून राह्यले!" मी गप्प राहिलो. आजी आत आल्या, पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चेहरा झाकला की हात दिसतात." पुढे मी त्या फोटोंबद्दल इंग्रजीत पुष्कळ वाचलं, पण मला आठवतं ते आजींचं वाक्य.

गिल यांचं आणखी एक काम डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या सोबतीने झालेलं आहे. गिल यांनी काढलेल्या फोटोंवर वांगड यांनी वारली रेषांनी चित्रं काढली. जागा आज कशी दिसते ते फोटोत आहे आणि तिथे काय घडून गेलं ते रेषांत. राजस्थानातल्या वाळवंटात त्या १९९९ पासून करत आलेल्या कामासाठी त्यांना २०२३ साली प्री पिक्टे हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या पुष्पमाला एन., बंगळूरच्या. आपल्याकडे बहुरूपी यायचा, एक दिवस पोलीस, दुसऱ्या दिवशी साधू. पुष्पमाला तेच फोटोत करतात. २००० ते २००४ या काळात त्यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत एक मोठी मालिका केली. त्यात रविवर्म्याच्या चित्रातली लक्ष्मी, सिनेमातली नायिका, इंग्रजांच्या काळी मोजमाप घेण्यासाठी उभी केलेली आदिवासी बाई अशा सगळ्या भूमिका त्यांनी स्वतः केल्या, मागे रंगवलेले पडदे लावून. आदिवासी बाईच्या त्या फोटोपाशी थांबा. बाईचा फोटो काढणारा तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहत होता ते तिथे उघडं पडतं.

तिसऱ्या दयानिता सिंह. त्यांच्यासाठी फोटो भिंतीवर संपत नाही. लाकडी घडीच्या रचना करून त्यांत त्या फोटो बसवतात आणि त्यांची अदलाबदल करत राहतात. २०१७ चं त्यांचं ‘म्युझियम भवन’ म्हणजे एका डबीत नऊ छोटी घडीची पुस्तकं. उलगडून टेबलावर उभी केली की घरात प्रदर्शन तयार. २०२२ मध्ये त्यांना फोटोग्राफीतला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

आणि बाहेरच्या देशांतले?

मी दोघांचीच नावं देतो, कारण त्यांची कामं आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा परत मागितली गेली.

सॅम्युएल फोसो. कॅमेरूनमध्ये जन्म, लहानपण नायजेरियात, युद्धातून वाचलेला मुलगा. १९७५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी त्याने मध्य आफ्रिकेत बांगी शहरात स्वतःचा स्टुडिओ टाकला. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोटो काढून झाले की रोलच्या शेवटी दोन-चार फ्रेम उरायच्या. त्या वाया घालवण्यापेक्षा तो नटून-थटून स्वतःचे फोटो काढायचा. आजीला पाठवायला, मी इकडे बरा आहे हे कळवायला. त्या उरलेल्या फ्रेमांतून पुढे एवढं काम उभं राहिलं की आज जगभरच्या संग्रहालयांत ते पाहायला मिळतं. रोलच्या जमान्यात ज्याने स्टुडिओ चालवला आहे त्याला ती उरलेली फ्रेम म्हणजे काय ते कळेल. मी त्या फ्रेमा कित्येकदा भिंतीवर रोखून संपवल्या आहेत.

दुसरे ब्राझीलचे विक मुनीझ. १९९६ मध्ये त्यांनी कॅरिबियन बेटावरच्या ऊसमळ्यांतल्या मजुरांच्या मुलांची चित्रं काढली. काळ्या कागदावर साखर पसरून चेहरे उमटवले आणि त्यांचा फोटो घेतला. लांबून गोड, हसरं मूल दिसतं. जवळ गेलं की दाणे दिसतात, आणि ती साखर कोणाच्या घामाची आहे हे लक्षात येतं. आमच्या बैठकीत मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "सरकीनं माहा चेहरा निघंल का?" हा प्रश्न मला अजून सोडत नाही. काळ्या घोंगडीवर कापूस पसरून त्या काकांचा चेहरा करायचा बेत आहे. वेचणी झाली की करू.

मुद्दाम रचलेला फोटो म्हणजे खोटा फोटो नाही का?

खोटं बोलणं आणि नाटक करणं यात जो फरक आहे तोच इथेही आहे. नाटकात राजा झालेला माणूस राजा नसतो हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. स्पेनच्या क्रिस्तिना दे मिडेल यांचं २०१२ चं पुस्तक घ्या. १९६४ मध्ये झांबिया नुकताच स्वतंत्र झाला होता. तिथल्या एका शिक्षकाने चंद्रावर माणूस पाठवायचा घाट घातला होता, आणि ही गोष्ट खरी आहे. पुढे तो बेत बारगळला. दे मिडेल यांनी तो जवळजवळ पन्नास वर्षांनी फोटोत पुरा केला, नक्षीच्या कापडाचे अंतराळपोशाख शिवून, आणि बरेचसे फोटो तर स्पेनमध्येच काढून. कोणाची फसवणूक नाही. आफ्रिकेचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं आणि काय येत नाही, हे मात्र त्यातून लक्षात येतं.

स्पेनचेच फोटोग्राफर जोआन फोन्तकुबेर्ता एक पाऊल पुढे जातात. १९९७ मध्ये त्यांनी इव्हान इस्तोचनिकोव्ह नावाच्या, अंतराळात हरवलेल्या सोव्हिएत अंतराळवीराची अख्खी कहाणी उभी केली, फोटो, कागदपत्रं, सगळं. अंतराळवीराचा चेहरा स्वतः फोन्तकुबेर्तांचा होता आणि नाव म्हणजे त्यांच्याच नावाचा रशियन अनुवाद. खूण उघडी ठेवलेली होती, तरी स्पेनमधल्या एका टीव्ही कार्यक्रमाने ती गोष्ट खरी मानून सांगितली. व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक फोटो पुढे ढकलणाऱ्यांना मी हे काम आवर्जून दाखवतो.

आणि उलटंही होतं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. ते फोटो आले तेव्हा आमच्या गावात निम्म्या लोकांनी ‘रंग भरलाय’ म्हणून सोडून दिलं. फोटो खरे होते. पाण्यातला खारेपणा वाढल्यामुळे त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता.

एआयने केलेलं चित्र फोटोग्राफीत धरायचं का?

मी धरत नाही. २०२३ मध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डागसेन यांनी एका मोठ्या जागतिक फोटो स्पर्धेत एआयचं चित्र पाठवलं. त्याला बक्षीस जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं. ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळी धरा, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटतं. फोटोला कुठल्यातरी खऱ्या वस्तूवरून परतलेला उजेड लागतो. एआयचं चित्रही सुंदर असू शकतं, पण त्याला त्याचं वेगळं नाव हवं.

फोटो कळलाच नाही तर?

चालतं. मलाही पुष्कळ कळत नाहीत. ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न मागे ठेवा आणि ‘इथे काय काय आहे’ ते मोठ्याने सांगायला लागा. खुर्ची आहे, बाईचा एकच पाय दिसतो, उजेड डावीकडून येतो. चार गोष्टी सांगेपर्यंत पाचवी आपोआप दिसते.

विदर्भात असं काही झालं आहे का? की सगळं मुंबई-बंगळूरलाच?

आपल्या मातीतली एक गोष्ट जरूर माहीत असावी. सेवाग्रामला कनू गांधी होते, गांधीजींचे नातेवाईक, आश्रमात काम करणारा तरुण. त्यांना कॅमेरा मिळाला तेव्हा गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, मला फोटोसाठी थांबायला सांगायचं नाही, आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही. या अटींत राहून त्यांनी काढलेल्या फोटोंत गांधीजी पाठमोरे दिसतात, कोपऱ्यात दिसतात, फोनवर बोलताना, वजनकाट्यावर उभे असताना दिसतात. समोरून काढलेल्या ठरीव फोटोंपेक्षा ते कितीतरी जिवंत आहेत. काम जुनं असलं तरी आज पाहाल तर ताजं वाटेल.

आता मनातलं सांगतो. गेली वीस-पंचवीस वर्षं आपल्या भागाचा एकच फोटो काढला जातो आहे. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे पाहणारा शेतकरी, हार घातलेल्या तसबिरीशेजारी बसलेली बाई. दुःख खरं आहे. आमच्याही ओळखीच्या घरांत ते आहे. पण पंचवीस वर्षं तोच फोटो पाहून बघणाऱ्याचे डोळे बधिर झाले, आणि आपल्यालाही आपला चेहरा तेवढाच वाटायला लागला. तान्हा पोळ्याला लाकडी बैल ओढत नेणारं लेकरू, रात्री जागलीला मचाणावर बसून मोबाईलच्या उजेडात अभ्यास करणारी पोरगी, संत्र्याच्या बागेतलं ते हिरवं-काळं सावट, जिनिंगच्या आवारात बर्फासारखा साचलेला कापूस, हे कोणी काढायचं? नुसतं टिपूनही भागणार नाही. त्यासाठी वेगळी रीत लागेल. ती रीत शिकायची म्हणून मी जगभरचं पाहतो. हा नाद मला लागला त्यामागे हेच कारण आहे.

माणसांचे फोटो काढताना परवानगी किती घ्यायची?

पूर्ण. एकदा एका मोठ्या शहरातल्या मासिकाच्या फोटोग्राफरला वाट दाखवायला मी गेलो होतो. शेतकरी गेलेल्या घरात आम्ही पोहोचलो. पाहुणे येणार म्हणून त्या वहिनी चांगलं लुगडं नेसून बसल्या होत्या. फोटोग्राफरने मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना जुनं लुगडं नेसायला सांगा. मी ते सांगितलं. वहिनी काही न बोलता आत गेल्या आणि बदलून आल्या. तो फोटो छापून आला, माझ्याकडे तो अंक आहे. मी नाही म्हणायला हवं होतं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. कसं दिसायचं ते फोटोतलं माणूस ठरवेल. रचायचंच असेल तर त्यांच्यासोबत रचायचं, जव्हारच्या कलावंतांसारखं. आणि फोटो झाला की त्याची प्रत त्या घरी पोहोचवायची, छापलेली, हातात धरता येईल अशी.

माझ्याकडे कॅमेरा नाही. मी काय करू शकतो?

ज्यात कॅमेरा लागतच नाही ते करा. सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळा ठसा उमटवणं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही रीत शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे ठसे घेऊन त्यांचं पुस्तक करायला घेतलं. फोटोंनी सजलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. आजचे अनेक कलावंत परत या रीतीकडे वळले आहेत. तिला लागणारं मुख्य भांडवल म्हणजे ऊन, आणि ते आपल्याकडे किती आहे ते सांगायला नको.

१०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत दोन्ही मिळतात. अंधाऱ्या खोलीत पिवळ्या मंद दिव्याखाली दोन्ही सारख्या मापाने मिसळा, ब्रशने जाड ड्रॉइंग पेपरवर लावा, अंधारातच वाळवा. हातमोजे घाला, रसायनं मोठ्या माणसाने हाताळावीत, पोरांच्या हाती वाळलेला कागदच द्यावा. संडास धुण्याचं ॲसिड किंवा कोणतंही तीव्र ॲसिड याच्या जवळपास आणू नका, विषारी वायू होतो.

मग कागदावर काहीही ठेवा, वरून काच दाबा आणि उन्हात न्या. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाच ते दहा मिनिटं पुरतात. आमच्या बैठकीतल्या सातवीच्या एका मुलीने वाळलेली पऱ्हाटीची फांदी ठेवली होती, फुटलेल्या बोंडासकट. घमेल्यातल्या पाण्यात कागद बुडवला तसा हिरवट-पिवळा रंग वाहून जायला लागला आणि खालून निळं वर आलं, शाळेच्या शाईसारखं. त्यात पांढरी फांदी. बोंडाच्या पाकळ्या धारदार उमटल्या होत्या, पण कापूस कडेने धुरकट झाला होता, कारण धाग्यांमधून ऊन थोडं आत शिरलं होतं. पोरगी कागद न हलवता तसाच धरून उभी राहिली, कोपरापर्यंत ओघळ आले तरी.

अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींसाठी एक सूचना. तिकडच्या बोअरच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात हा निळा रंग फिका पडतो. धुवायला आरओचं पाणी घ्या, त्यात थोडं लिंबू पिळा.

दुसरी रीत डब्याची. रिकाम्या डब्यात फोटोपेपर (प्रिंटरचा नव्हे, उजेडाने उमटणारा) गुंडाळून बसवा, सुईने एक छिद्र पाडा आणि छिद्र सूर्याच्या वाटेकडे करून डबा खांबाला महिनोन्‌महिने बांधून ठेवा. रोजच्या सूर्याची एकेक रेघ कागदावर उमटते. इंग्लंडमधल्या एका वेधशाळेत रेजिना वाल्केनबोर्ग यांनी २०१२ मध्ये असा बिअरचा डबा बांधला आणि तो तिथेच राहून गेला. २०२० मध्ये काढला तेव्हा आत आठ वर्षांच्या सूर्याच्या २,९५३ रेघा सापडल्या. आमचा डबा वाचनालयाच्या गच्चीवर आहे. पहिला माकडांनी नेला, दुसरा तारेने बांधला आहे. सुईच्या छिद्राच्या फोटोंचा जागतिक दिवस एप्रिलच्या शेवटच्या रविवारी असतो, तेव्हा शाळेत काही करायचं असेल तर तो मुहूर्त धरा.

प्रत्यक्ष पाहायला कुठे जाता येईल?

मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात खास फोटोंसाठी पिरामल गॅलरी आहे. बंगळूरला कला आणि फोटोग्राफीचं ‘मॅप’ संग्रहालय आहे, त्याची इमारत २०२३ मध्ये सुरू झाली, आणि संग्रहातलं बरंचसं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. चेन्नई फोटो बिएनाले हे फोटोंचं मोठं प्रदर्शन २०१६ पासून भरतं. नागपूर-बल्लारशाहहून तिकडे थेट गाड्या आहेत, दोन-चार जण मिळून गेलं तर परवडतं. आणि ग्रामीण भारताचे फोटो मराठी मजकुरासह हवे असतील तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ आहे. तिथलं काम वास्तवाला धरून असतं, पण चांगलं वास्तव पाहिल्याशिवाय कल्पकताही पोकळ राहते.

गावात लोकांना हे दाखवायचं तर कसं?

प्रोजेक्टर नसला तरी चालेल. आम्ही दहा फोटो मोठे छापून दोरीला चिमटे लावून टांगतो. लाइट गेली तरी बैठक अडत नाही. सुरुवातीला भाषण करू नका. लोकांना फिरू द्या, बोलू द्या, हसू द्या. आपलं माणूस फोटोकडे बोट दाखवून जे बोलतं ते वहीत लिहून ठेवा.

मी लग्नाचे फोटो काढतो. याचा धंद्याला काही उपयोग?

सरळ पैशात मोजता येणार नाही. पण हात मोकळा होतो. मी आता हळदीच्या वेळी नवरीआधी पितळेच्या परातीत पडलेलं मांडवाचं प्रतिबिंब पाहतो. लोकांनाही तो फोटो आवडतो, अल्बममध्ये आधी तोच उघडतात.

मुलगी फोटोग्राफी शिकायची म्हणते. पाठवू का?

पाठवा. गांधीनगरला एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याआधी तिला घराच्या आवारातच वीस फोटोंची एक मालिका करायला सांगा, एकाच विषयावर, महिनाभर. तेवढं तिने टिकून केलं तर घरच्यांची काळजी निम्मी कमी होईल.

घरात जुने अल्बम, निगेटिव्ह पडले आहेत. त्यांचं काय करायचं?

फेकू नका, एवढी विनंती आहे. आजचे कितीतरी कलावंत जुन्या स्टुडिओंच्या फोटोंतूनच नवीन काम करतात. आपल्याकडच्या रंगवलेल्या पडद्यांसमोर, काश्मीरच्या सरोवरापुढे धोतर-टोपीत बसलेले आजोबा हेही एक सोंगच आहे, मोठ्या हौसेने घेतलेलं.

पत्र्याची पेटी उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, तिथून ते आधी बाहेर काढा. निगेटिव्ह एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. सुटे असतील ते मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर, मध्ये दुधी काच किंवा पातळ पांढरा कागद घेऊन ठेवा, दुसऱ्या मोबाईलने फोटो घ्या आणि रंग उलटे करा. कागदी फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने नावं लिहा, पेनने नको, शाई पुढच्या बाजूला उतरते. आणि नावं विचारायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे या आठवड्यातच बसा. आमच्या घरच्या एका फोटोत, त्याच कवेलूच्या घरासमोर, आजीच्या शेजारी एक बाई उभी आहे. हातात विळा आहे, डोळे उन्हाने बारीक झाले आहेत, आणि ती आजीला अगदी खेटून उभी आहे. ती कोण, हे सांगणारं आता कोणी राहिलेलं नाही.